सहा व्होल्टची केबल

छप्पन सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरात बाबा आणि दादा एकमेकांशी बोलेनासे झाले आणि जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत बोलू लागले. "तुझ्या भावाला सांग, नळ जाऊन राहिला, आंघोळ उरकून घे म्हणावं," असं बाबा दादाच्या तोंडासमोर मला सांगायचे. दादा टॉवेल खांद्यावर टाकत माझ्याकडे पाहून म्हणायचा, "सांग त्यांना, ऐकलं." मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे स्वयंपाक, देवपूजा, पाहुणेरावळे सगळं माझ्याच गळ्यात होतं. त्यात हे टपालखातं वाढलं. मला या दोघांचा भयंकर राग यायचा. राग आला की मी निरोपात पदरचं तिखटमीठ घालायचे आणि मग दोघंही माझ्यावरच उखडायचे.

कारण साधं होतं. दादा सरकारी कचेरीत कारकून होता. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार हे ठरलं, तशी त्याची भोपाळला बदली निघाली. दादाने ती बातमी जेवताना सांगितली, आणि आनंदाने सांगितली. बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आमचं घराणं मराठी फौजेच्या दप्तराबरोबर माळव्यात आलं त्याला सहा पिढ्या झाल्या होत्या आणि सहा पिढ्यांत कोणी उज्जैन सोडलं नव्हतं. निदान बाबा तसं सांगायचे. एक चुलत आजोबा घर सोडून बनारसला निघून गेले होते, पण त्यांना धरायचं नाही अशी घरची रीत होती.

"अर्ज कर," बाबा म्हणाले. "इथंच ठेवा म्हणून अर्ज करता येतो."

"का म्हणून करू?" दादा म्हणाला. "इथं आता काय आहे? तुमचं संस्थान गेलं, मोटरखाना गेला, तो ठेला शेडमध्ये उंदरांना देऊन टाकलाय. तुम्ही बसा त्याच्याजवळ."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. बाबा संस्थानच्या मोटरखान्यात बावीस वर्षं होते, शेवटची नऊ वर्षं हेड मिस्त्री. संस्थान विलीन झालं, मोटरखाना बंद झाला, गाड्यांचा लिलाव झाला. चांगल्या गाड्या इंदूरच्या शेटलोकांनी नेल्या. एक जुनी पिकअप मात्र कोणी घेईना. पुढं दोघं बसतील एवढी केबिन, मागं उघडा लाकडी हौदा, रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. मोटरखान्यात तिला सगळे ठेला म्हणत. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना आणायला बाबा तोच घेऊन जात. लिलावात तो भंगाराच्या भावात जाणार असं दिसल्यावर बाबांनीच घेतला, दोन बैल लावून माधवनगरला आमच्या घरी आणला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला. आठ वर्षं तो तिथंच होता. दादाचं म्हणणं खोटं नव्हतं, उंदीर होतेच. पण खरं असलं म्हणून काय झालं.

अबोला दोन महिने चालला. मग श्रावणात एका सकाळी बाबा चहाचा कप खाली ठेवून मला म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, रेल्वेने जायचं नाही. मी नेऊन सोडीन ठेल्यात. सामानसुमान सगळं एका खेपेत जाईल."

दादा दाढी करत होता. आरशातूनच त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ वस्तरा गालावर तसाच धरून तो म्हणाला, "सांग त्यांना, चालेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाबांच्या तोंडून माफीचा शब्द कधी निघाला नव्हता, दादाच्या तोंडून निघणार नव्हता, आणि दोघांनाही आता ठेल्याने वाचवलं होतं. फक्त तो सुरू व्हायला हवा होता.

बाबांनी गणपतीच्या आत इंजिन खोलून, साफ करून पुन्हा बसवलं. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून माझ्या परातीत ठेवला. ती परात मग कणकेच्या कामाची राहिली नाही. टायर मिळाले, बॅटरी मिळाली. अडलं ते बॅटरीच्या केबलवर. ठेल्याची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखाली असे. फळी उचलली की दिसायची. तिथून एक लांब केबल सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला जायची आणि दुसरी आखूड फ्रेमला. उंदरांनी दोन्ही खाल्ल्या होत्या. वरची सुती वीण खाल्ली, रबर खाल्लं, आणि उघडं पडलेलं तांबं हिरवं होऊन हात लावला की गळून पडत होतं.

केबल काय, बाजारात मिळते, असं मला वाटलं. बाबांनी आणलीही एक. बारीक, चकचकीत, नव्या ट्रकांची. जोडली आणि सेल्फ दाबला, तर इंजिन एकदा कण्हलं, आणि फळीखालून धूर आला. बाबांनी टर्मिनल उपसून काढलं, त्यात त्यांची दोन बोटं भाजली. मी बोटांवर तूप लावत असताना त्यांनी मला समजावलं. नव्या गाड्यांची बॅटरी बारा व्होल्टची, हिची सहाची. जोर निम्मा म्हणजे तेवढंच काम करायला करंट दुप्पट वाहायला हवा, आणि दुप्पट वाहायचा तर वाट रुंद हवी. हिला अंगठ्याएवढी जाड केबलच लागते.

"मग पुढून हँडल मारून सुरू करा," मी म्हटलं. "दादा मारेल हँडल. चांगला दांडगा आहे."

बाबांचं उजवं मनगट मोटरखान्यात असताना हँडलच्या उलट्या झटक्याने मोडलं होतं. ते नीट जुळलं नव्हतं. ते मनगट डाव्या हाताने चोळत म्हणाले, "जाताना तो आहे बेटा. येताना मी एकटा. वाटेत बंद पडली तर?"

मी जुन्या केबलचा एक तुकडा पिशवीत टाकला.

मग आम्ही केबल शोधायला निघालो, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही की ते दीड महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. आई गेल्यापासून बाबा घरात असून नसल्यासारखे होते. आता रोज सकाळी ते मला विचारायचे, "चलते का?" आणि मी वरण चुलीवरून उतरवून तशीच निघायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, लग्नाच्या मुलीला घेऊन हा माणूस भंगारवाल्यांकडे फिरतो. म्हणोत. आजही कुणी मला "चलते का" म्हणालं तर मी चप्पल घालून उभी राहीन, पण तसं म्हणणारं आता कोणी नाही.

आधी इंदूरला गेलो. मोटरच्या सामानाच्या गल्लीत एका बोहरी दुकानदाराकडे बाबा संस्थानच्या काळापासून जात. त्याने बाबांना ओळखलं, बसायला स्टूल दिलं आणि जुन्या केबलचा तुकडा हातात घेऊन नुसता फिरवत राहिला. "मिस्त्रीसाहब, अब ये कौन पूछता है," म्हणाला. तरी शिडी लावून तो स्वतः माळ्यावर चढला. तासाभराने खाली आला तेव्हा दाढीला जाळी लागली होती आणि हातात मेणकागदात गुंडाळलेली एक आखूड केबल होती. कारखान्यातून आली तशी. काळी सुती वीण, तिच्यात तिरका जाणारा एक लाल दोरा, टोकाला शिशाचं टर्मिनल. बाबांनी ती नाकाशी धरली. मला वाटलं आता हे तिचा मुका घेतील की काय. लांब केबल मात्र नव्हती. "एक मिल गई, दूसरी अल्लाह देगा," असं म्हणून त्याने आम्हाला चहा पाजला.

लांब केबल शेवटी करावीच लागली. गिरणीच्या भंगारात जाड तांब्याची तार मिळाली. तांबं मापाला बरोबर होतं, पण वरचं रबर जागोजागी फुटलं होतं. बाबांनी त्यावर टेप गुंडाळला. मला वाटलं झालं. पण ते म्हणाले, "आता वीण."

"कशाला वीण? फळीखाली कोण बघणार आहे?"

"मी."

मग जरा वेळाने, मी रुसलेली पाहून, त्यांनी खरं कारणही सांगितलं: उघडा टेप फ्रेमला घासून दोन महिन्यांत फाटेल, वीण असली की वर्षानुवर्षं टिकतं. पण पहिलं उत्तरच खरं होतं, हे मला ठाऊक होतं.

वीण कोण घालणार? बाबा तीन दिवस विचार करत होते. चौथ्या दिवशी माझ्या गळ्यातली पोत तुटली, आणि मी ती पटव्याकडे ओवायला नेत होते. बाबांनी पोत हातात घेतली, गाठीजवळची ती गोफासारखी वीण पाहिली आणि म्हणाले, "मी पण येतो." देवळाकडच्या गल्लीत पटव्याची बैठक होती. पायाच्या अंगठ्याला दोरे अडकवून तो बायकांच्या दागिन्यांचे गोफ विणत असे. बाबांनी त्याच्यासमोर हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड तार ठेवली. पटव्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"किसके गले में डालोगे, बाबूजी?" त्याने विचारलं.

बाबा हसले. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

पटवा तयार झाला, पण अडून बसला ते काळ्यावर. नुसत्या काळ्या दोऱ्याचं काम तो करत नसे. गळ्यात घालायच्या वस्तू विणणारे त्याचे हात. एकटा काळा दोरा हातात धरणार नाही, एक तरी लाल घालीन, म्हणाला. बाबांनी पिशवीतून इंदूरची केबल काढून त्याच्यापुढं धरली. त्यातला लाल दोरा पाहून पटवा म्हणाला, "देखो, विलायत में भी समझदार लोग हैं."

गाडीखाली तेलग्रीस लागणारच, आणि त्याच्याकडचा काळा दोरा रॉकेलमध्ये बुडवला की रंग सोडायचा. म्हणून आम्ही भैरवगढला गेलो. कापड छापणाऱ्या छिप्यांच्या वस्तीत नदीकाठी कापडं वाळत होती. तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की पक्का काळा हवा तर लोखंडाचाच. गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात महिनाभर सडवून ते तो रंग करत. बाबा लगेच घरी येऊन ठेल्याचे जुने गंजके बोल्ट घेऊन पुन्हा गेले. म्हाताऱ्याकडे तयार रंग होता, तरी त्याने बाबांचं मन राखायला ते बोल्ट माठात टाकले. परत येताना सायकलवर मी मागं बसले होते. बाबा चढावर धापा टाकत मला म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, वेडा झाला."

"मीही तेच म्हणते," मी म्हटलं. पण मनातून मला वाटत होतं की ही केबल कधी मिळूच नये. मिळाली की दादा जाणार होता आणि बाबा पुन्हा शेडच्या दारात बसणार होते. असं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला आणि घरी येऊन मी दादाच्या शर्टांना बटणं लावली.

पटव्याने केबल विणून दिली ती नवरात्राच्या सहाव्या माळेला. वर लाखेचा पातळ हात द्यायचा आणि सावलीत वाळू द्यायचं, त्यात दोन दिवस गेले. अष्टमीला बाबांनी तिचं सेल्फकडचं टोक बसवलं. बॅटरी चार्जिंगला दिली होती, ती नवमीला सकाळी येणार होती. ती आली की दोन टर्मिनल आवळायची आणि निघायचं. दादाला नवमीलाच निघणं भाग होतं. कचेरीच्या फायली रेल्वेच्या डब्यातून भोपाळला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्या उतरवताना त्याने तिथं हजर असायला हवं होतं. दसऱ्याची सुट्टी कसली, राजधानी हलत होती.

नवमी म्हणजे खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा. मोटरखाना होता तेव्हा तिथं लांब टेबलावर शंभर-दीडशे पाने-पकडी मांडून पूजा व्हायची. मोटरखाना गेला तरी बाबांच्या पेटीतली हत्यारं मी दरवर्षी पाटावर मांडायचे. एकदा हळदकुंकू लागलं आणि अक्षत पडली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्यारं त्या दिवशी विश्रांती घेतात. बाबा इतर बाबतीत देवभोळे नव्हते. पण हे ते पाळायचे. बावीस वर्षांत खंडेनवमीला त्यांनी कधी बोल्ट फिरवला नव्हता.

मी पहाटे उठून सगळी हत्यारं पुसली आणि मापाप्रमाणे रांगेत मांडली. हँडलही मांडलं. पेटी पुन्हा पुन्हा तपासली, कारण एक पाना कमी होता. मला चैन पडेना. पाटावरची ती रिकामी जागा मला दातातल्या फटीसारखी दिसत होती. शेवटी तो सापडला ठेल्याच्या सीटखाली, चिंधीत गुंडाळलेला. बाबा विसरले असणार, असं मला वाटलं. मी तो घासला, आपल्या जागी ठेवला, सगळ्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या. झेंडूचं फूलही वाहिलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दहाच्या सुमारास बॅटरी आली. बाबांनी ती फळीखाली ठेवली, दोन्ही टर्मिनल तिच्यावर चढवली आणि सीटखाली हात घातला. हात तिथंच फिरत राहिला. दादाची ट्रंक आणि वळकटी हौद्यात चढवून झाली होती, आणि तो फाटकापाशी उभा होता.

"इथं चिंधी होती," बाबा म्हणाले.

"पाना ना?" मी म्हटलं. "राहून गेला होता तुमच्याकडून. मी ठेवला पूजेत."

बाबांनी हात बाहेर काढला. त्यांनी तो पाना मुद्दाम बाजूला ठेवला होता. आयुष्यात एकदा ते देवाशी लबाडी करायला निघाले होते, मुलासाठी, आणि मी ती लबाडी उघडी पाडून तिला कुंकू लावलं होतं. हे माझ्या लक्षात आलं तशी मी पाटाकडे वळले.

"मी उचलते," मी म्हटलं. "मला लागू दे पाप."

"नको. अक्षत पडली."

"बाबा, एकच पाना."

"आज हत्यार उचलायचं नाही," ते म्हणाले. मग खाली पाहत म्हणाले, "सांग त्याला, एक दिवस थांबता येत असेल तर बघ. उद्या उत्तरपूजा झाली की निघू."

दादा दहा पावलांवर होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो तिथंच फाटकाशी उभा राहिला, खाली पाहत. मग म्हणाला, "सांग त्यांना, उद्या फायली उतरायच्या आहेत." आणि टांगा बघायला गेला.

ट्रंक हौद्यातून काढून टांग्यात ठेवली. दादा बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच उचलला, कारण हाताला ग्रीस होतं. पांढऱ्या शर्टावर बोटं उमटली. दादाला मी दुसरा शर्ट घाल म्हटलं. तो "राहू दे" म्हणाला आणि टांग्यात बसला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, मीही नाही.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. बाबांनी तोच पाना उचलला, टर्मिनल आवळली, सीटवर बसून सेल्फ दाबला. ठेला पहिल्या फटक्यात सुरू झाला. आठ वर्षं झोपलेलं इंजिन आणि पटव्याने विणलेली केबल, पण एकदाही अडखळलं नाही. शेजारपाजारचे लोक गोळा झाले. कुणीतरी हार आणला. बाबांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "सीमोल्लंघन करून येऊ."

दसऱ्याची सीमा आम्ही नेहमी शमीच्या झाडापर्यंत चालत जाऊन ओलांडायचो. त्या दिवशी बाबांनी गाडी देवासच्या रस्त्याला लावली. भोपाळला जायचं तर तोच रस्ता. जकात नाका मागं पडला, सोयरीकसंबंधांची गावं मागं पडली, बाबा चालवतच राहिले. मला वाटलं, जाणार, आज हे भोपाळला जाणार. मी देव आठवू लागले. मग एका मैलाच्या दगडापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर पाहत बसले. ज्वारीची शेतं, रस्ता, एक बैलगाडी. अर्धा तास तरी झाला असेल.

"पुढं रस्ता चांगला आहे," ते म्हणाले, आणि गाडी वळवली.

नंतर दादा सणावारी यायचा, आता ते दोघं बोलायचेही, पण पाहुण्यांशी बोलतात तसं. प्रवास कसा झाला, तिकडं पाणी कसं आहे. बाबा भोपाळला कधीच गेले नाहीत. पाच वर्षांनी ते वारले. ठेला एका चक्कीवाल्याने नेला. माझं लग्न उज्जैनातच झालं, पुढं मुलींच्या शाळेत नोकरी केली. आणि इतकी वर्षं मी मनात एकच धरून होते, की मी तो पाना पूजेत ठेवला नसता तर बाप-लेक त्या दिवशी शंभर मैल एका सीटवर बसले असते. शंभर मैलांत माणसं कितीही भांडलेली असली तरी बोलतात. मी त्यांचं ते बोलणं खाल्लं. कुणाला हे सांगितलं नाही, पण प्रत्येक खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडताना मला तो पाना आठवायचा.

मग एकदा आगरच्या रस्त्यावर आमची जीप बंद पडली. शाळेच्या कामाला निघाले होते. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल हलवून पाहिलं, रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला आणि टर्मिनलच्या डोक्यावर दोनदा ठोकला. जीप सुरू झाली.

"पाना नाही लागत?" मी विचारलं. घाबरून मराठीतच विचारलं.

"पाना होता तो कस देता, बहनजी," तो म्हणाला. "पत्थर से भी चलती है. सौ-दो सौ मील आराम से. ये तो हर ड्राइवर जानता है."

आगरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं. बावीस वर्षं मोटरखान्यात काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं? दगड काही पूजेत मांडला नव्हता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग बाबांचा असा संताप आला की काय सांगू. न्यायचं नव्हतं तर तसं म्हणायचं. मला कशाला इतकी वर्षं त्या पान्यात अडकवून ठेवलंत? संताप ओसरल्यावर मात्र त्यांची फार, फार आठवण आली. त्यांना समोर बसवून दोन शब्द सुनवावेत आणि मग त्यांच्या हाताला तूप लावावं, असं वाटत राहिलं.

दिवाळीला दादाकडे भोपाळला गेले तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. दादा तेव्हा रिटायर व्हायला आला होता. व्हरांड्यात बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दगडाचं. अगं, मी लहानपणी मोटरखान्यातच खेळायचो. दगड आण रे, असं मला कितीदा म्हणायचे ते. त्या दिवशी फाटकाशी माझ्या पायापाशीच पडला होता एक. उचलून हातात द्यायचा, एवढंच होतं."

"मग?"

"मी मनात म्हटलं, त्यांना मागू देत."

मी म्हटलं, "आणि ते वाट बघत असतील, तू कधी देतोस." वहिनी चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला.

"सुरू झाली होती का गं ती?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. पहिल्याच सेल्फला," मी म्हटलं. "आणि कुठं घेऊन गेले, माहीत आहे? तुझ्याच रस्त्याने. जकात नाक्याच्या पुढं, मैलाच्या दगडापर्यंत गेलो, आणि तिथं इंजिन चालू ठेवून..."

दादाने हात वर केला.

"थांब," तो म्हणाला. "जरा थांब."